बारा वाजायची अट कोणी घातली?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी सिंड्रेलाच्या सावत्र आईच्या तोंडून सांगितलेली एक छोटी गोष्ट दिली होती आणि खाली लिहिलं होतं की जुन्या परीकथा मोठ्यांसाठी नव्याने लिहिणारं कोणी असेल तर प्रश्न पाठवा. इतके मेल येतील असं खरंच वाटलं नव्हतं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या ठाणे-नवी मुंबईतूनच, म्हणजे ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये बसून मोबाइलवर गोष्टी टाइप करणारे बरेच जण आहेत तर! सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, मी नेरूळला राहते, वय ३४, बँकेत नोकरी. सिंड्रेला आजच्या काळात आणून लिहिली. माझी सिंड्रेला महापेला आयटी कंपनीत आहे, सावत्र आई म्हणजे तिची टीम लीड, राजवाड्यातला नाच म्हणजे वाशीच्या हॉटेलातली कंपनीची पार्टी आणि राजपुत्र म्हणजे क्लायंट. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "छान आहे, पण नुसती नावं बदललीयेस." खूप लागलं मनाला. काय चुकलं?

मैत्रीण खरं बोलली, आणि तुमचं लिखाण वाईट आहे असं ती म्हणाली नाहीये हे आधी लक्षात घ्या. तुम्ही पाठवलेली तीन पानं मी दोनदा वाचली. सानपाड्याच्या पुलाखाली ती चपलेचा तुटलेला पट्टा सेफ्टी पिनने जोडते ते वाक्य फार सुंदर आहे.

आता मला वाटतं ते सांगते. परीकथेत राजवाडा, घोडागाडी, राजपुत्र हे सगळं बदलता येतं, पण प्रत्येक गोष्टीत एक अट असते आणि ती अट म्हणजेच ती गोष्ट. बाराच्या आत परत ये, ही खोली उघडू नकोस, तुझा आवाज मला दे मग तुला पाय देते. तुम्ही सगळं बदललंत आणि अट सोडून दिलीत, तुमच्या गोष्टीत ती पार्टीतून साडेअकराला निघते कारण तिला झोप येतेय! मग गोष्टीत उरलं काय?

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये ही गोष्ट छापली, काचेची चप्पल आणि भोपळ्याची गाडी त्याच्याकडूनच आली. त्याच्या गोष्टीत बाराची अट कोण घालतं ते आठवा. सावत्र आई नाही घालत, जी मदत करते ती परीच घालते, म्हणजे जी देते तीच मुदत लावते. लहानपणी आपल्याला हे खटकत नाही, मोठेपणी खटकायला पाहिजे, आणि तुम्ही तर बँकेत आहात, मुदत म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच झाली. तुमच्या गोष्टीत परी कोण आहे? मावशीने लग्नात घालायला दिलेला सोन्याचा हार असेल, "उद्या सकाळी परत आणून दे" असं म्हणून दिलेला. पीजी चालवणारी बाई असेल, भाडं दोन महिने थांबवलं पण गेट दहालाच बंद करते अशी. किंवा ऑफिसमधली सीनियर, जी स्वतः तिचं नाव पुढे करते आणि मग ते आयुष्यभर लक्षात ठेवते. दुष्ट माणसापेक्षा मदत करणाऱ्या माणसाबद्दल लिहिणं जास्त अवघड आहे, आणि मोठ्यांची गोष्ट तिथेच सुरू होते असं माझं पक्कं मत आहे.

अजून एक गंमत बघा. बारा वाजल्यावर गाडीचा भोपळा होतो, घोड्यांचे उंदीर होतात, कपड्यांच्या चिंध्या होतात, पण चप्पल तशीच राहते. का? पेरोचं मूळ नीट वाचलं की दिसतं की गाडी, घोडे, कपडे हे सगळं परीने कशाचं तरी काहीतरी केलेलं असतं, चप्पल मात्र तिने बदललेली नसते, नुसती दिलेली असते. जे बदललेलं ते परत गेलं आणि जे दिलेलं ते राहिलं. तुमच्या सिंड्रेलाकडे त्या रात्रीनंतर काय राहिलं? ते ठरवा आणि पार्टी सगळी काढून टाकून दुसऱ्या दिवशी सकाळपासून लिहा, सेफ्टी पिनवाली चप्पल तुमच्याकडे आहेच की!

प्रश्न: मी कोलशेतला राहतो, निवृत्त आहे, वय ६३. नातीला रोज रात्री गोष्ट सांगतो. हल्ली "मोठ्यांसाठी परीकथा" म्हणून जे येतं त्यात नुसता रक्तपात आणि नको ती वर्णनं असतात. इतक्या निरागस गोष्टी बिघडवायची गरज काय आहे?

काका, तुमचा राग मला कळतो आणि नातीला रोज गोष्ट सांगणारा आजोबा माझ्यासाठी फार मोठा माणूस आहे. पण या गोष्टी निरागस नव्हत्या हो मुळात. आपल्यापर्यंत त्या धुऊन-पुसून आल्या.

जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ चा, दुसरा १८१५ चा आणि शेवटची सातवी आवृत्ती १८५७ ची. या ४५ वर्षांत त्यांनी गोष्टी सारख्या बदलल्या. आपण जिला हिमगौरी म्हणतो तिला मारायला निघालेली राणी पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला सांगणारीसुद्धा आधी आईच होती, घरात खायला नाही म्हणून. तीही नंतर सावत्र केली. रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत तिला मनोऱ्यात कोंडून ठेवणाऱ्या बाईला भोळेपणाने विचारते की माझे कपडे असे घट्ट का व्हायला लागलेत, आणि तिला दिवस गेलेत हे वाचणाऱ्याला कळतं, पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य गेलं. म्हणजे भूक, आईचा मत्सर, लग्नाआधी राहिलेला गर्भ हे सगळं गोष्टीत होतं आणि पुस्तकं मुलांच्या हातात जायला लागली तसं ते झाकलं गेलं. झाकलं ते मुलांसाठी बरंच झालं, माझी काही तक्रार नाही. पण मोठ्यांनी झाकण उघडून बघितलं तर त्याला बिघडवणं कसं म्हणायचं?

आता तुमचं जे बरोबर आहे ते. नुसतं रक्त ओतलं, दोन प्रसंग बेडरूमचे घातले आणि झाली मोठ्यांची गोष्ट, असं लिहिणारे आहेत आणि मलाही त्याचा कंटाळा येतो. झोपलेल्या राजकन्येची एक फार जुनी गोष्ट आहे, नेपल्सच्या बासिलेची, त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ मध्ये छापलेल्या संग्रहातली. त्यात राजा झोपलेल्या तालियाला पाहतो, तिच्यावर झोपेतच बळजबरी करतो आणि घरी जाऊन विसरून जातो. तिला झोपेतच जुळी मुलं होतात, त्यातलं एक बाळ दूध शोधता शोधता तिचं बोट चोखतं, बोटात रुतलेली जवसाच्या धाग्याची कुसळ निघते आणि ती जागी होते. हे आज लिहायचं झालं तर तो राजाचा प्रसंग मी लिहिणार नाही, एक ओळसुद्धा नाही. ती जागी होते तिथून सुरू करेन. डोळे उघडते तर शेजारी दोन बाळं, अंगात दूध आणि काय झालंय ते सांगायला कोणी नाही. हे मोठ्यांचं आहे आणि यात एकही नको ते वर्णन नाही.

फार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला मी अशीच एक गोष्ट पाठवली होती, ती परत आली, वर लिहिलेलं की परीकथा आहे, बालविभागाकडे पाठवा. खूप रडले होते तेव्हा. परीकथा म्हटली की लहान मुलांचीच असं आपण का धरून बसलोय काय माहीत, श्रावणातल्या कहाण्या तर मोठ्या बायकाच मोठ्या बायकांना सांगायच्या, आणि त्यात घराबाहेर काढलेली सून असते, नावडती राणी असते, उपास असतात, कुणाला ते लहान मुलांचं वाटलं नाही. नातीला मात्र तुम्ही सांगता तशीच सांगत राहा काका.

प्रश्न: ताई, मी वर्तकनगरचा, २६ वर्षांचा. लिटिल रेड रायडिंग हूड येऊरच्या जंगलात घडवतोय. लांडग्याच्या जागी बिबट्या आणि शेवटी ट्विस्ट, आजीच बिबट्या असते. आयडिया कशी वाटते?

येऊर घ्यायची कल्पना आवडली, बिबट्याची नाही आवडली. रागावू नकोस, कारण सांगते.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, तिथे बिबटे खरोखर राहतात, ते त्यांचं घर आहे आणि आपल्या बिल्डिंगा त्यांच्या घराला जाऊन टेकल्यात. त्याला खलनायक केलास तर ठाण्यातला वाचक लगेच म्हणेल की बिचाऱ्याचं काय चुकलं. आणि मुख्य म्हणजे गोष्टीतला लांडगा जनावर नाहीच आहे रे. पेरोने आपल्या गोष्टीच्या शेवटी कवितेत सरळ सांगून टाकलंय की काही लांडगे शांत, गोड बोलणारे, अदबीने वागणारे असतात, मुलींच्या मागे घरापर्यंत येतात, आणि तेच सगळ्यात धोक्याचे. त्याच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिमच्या गोष्टीत येतो.

पण ती खरी फसते कुठे ते बघ. जंगलात लांडगा विचारतो आजी कुठे राहते आणि ती पत्ता सांगते, खुणांसकट. बस, सगळी गोष्ट त्या पत्त्यात आहे. आज आपण पत्ता किती जणांना देतो, बिल्डिंगचं नाव, विंग, मजला, "बेल वाजवू नका, आजी झोपलेल्या असतात" ही सूचनासुद्धा! मी तुझ्या जागी असते तर जंगल सोडून नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये गेले असते. तिसऱ्या मजल्यावर एकटी आजी, नात रोज संध्याकाळी डबा घेऊन जाते, गोखले रोडच्या गर्दीत एक माणूस नीट कपड्यातला, नीट बोलणारा, विचारतो, "आजींचा गुडघा कसा आहे आता?" आणि ती "बरा आहे काका" म्हणून पुढे जाते, चार पावलं गेल्यावर तिच्या मनात येतं की याला गुडघ्याचं कसं माहीत. इथे माझ्या अंगावर काटा येतो, बिबट्याने नाही येत.

शेवटासाठी एक गोष्ट सांगते, ती फार कमी जणांना माहीत असते. फ्रान्सच्या खेड्यांत १९ व्या शतकात लोकांच्या तोंडून उतरवून घेतलेलं या गोष्टीचं एक रूप आहे, त्यात शिकारी नाही आणि मुलगी मरतही नाही. ती म्हणते मला बाहेर जायचंय, लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो, ती अंगणात जाते, दोरी प्लमच्या झाडाला बांधते आणि पळून घर गाठते. कोणी वाचवायला येत नाही, डोकं तिचं स्वतःचं. ट्विस्टपेक्षा ती दोरी घे, तुझ्या गोष्टीत ती कसली दोरी होते ते बघ. लाइव्ह लोकेशन चालू असलेला मोबाइल ती दुसऱ्याच कुणाच्या रिक्षात ठेवून देते असंही होऊ शकतं. येऊरवर वेगळी गोष्ट लिही, ती जागा त्या लायक आहे.

प्रश्न: सात बुटक्यांची नावं वापरली तर कॉपीराइटचा प्रॉब्लेम येईल का? (खारघर)

डोपी, ग्रम्पी वगैरे वापरू नका, ती नावं डिस्नेच्या १९३७ च्या सिनेमातली आहेत, ग्रिमच्या गोष्टीत बुटक्यांना नावंच नाहीत. तसंच एरियल हे नाव डिस्नेच्याच १९८९ च्या सिनेमातलं, डॅनिश लेखक अँडरसनच्या मूळ जलपरीला नाव नाही. मूळ गोष्टी सगळ्यांच्या आहेत, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो आणि ग्रिम बंधू १८५९ आणि १८६३ मध्ये गेले, अँडरसन १८७५ मध्ये. पण मराठीत किंवा इंग्रजीत कोणी अलीकडे केलेल्या अनुवादातली वाक्यं उचलू नका, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. गोष्ट वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा. आणि नावं आपली आपण ठेवा हो, सात नावं ठेवण्यात केवढी मजा आहे!

प्रश्न: ताई, मी घणसोली गावातली, २३ वर्षांची. आमच्या घरी आगरी बोलतात. आजीने कधी सिंड्रेला सांगितली नाही, मला या गोष्टी शाळेच्या पुस्तकातूनच माहीत, त्या परक्या वाटतात. पण लिहायचं खूप आहे. आपल्या गोष्टी घेतल्या तर चालतील का, आणि भाषा कुठली ठेवू? शेवट गोड करावा लागतो का?

तुझा मेल वाचून मी खुर्चीतून उठून खिडकीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ, खरं सांगते.

चालतील का काय विचारतेस, तुझ्याकडे खजिना आहे. आणि सिंड्रेला तितकी परकी नाहीये बघ. १८६८ मध्ये मेरी फ्रेअर नावाच्या बाईने ओल्ड डेक्कन डेज हा लोककथांचा संग्रह इंग्रजीत छापला, तिचे वडील मुंबईचे गव्हर्नर होते. पण गोष्टी तिच्या नाहीत, त्या सांगितल्या तिच्या आयाने, ॲना लिबराता डिसोझाने, आणि ॲनाला त्या तिच्या आजीने सांगितलेल्या. त्यात सोदेवाबाईची गोष्ट आहे. तिचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या माळेत असतो. डोंगरावर फुलं तोडताना तिची चप्पल खाली पडते, राजपुत्राला सापडते आणि तो तिला शोधून लग्न करतो. इथे सिंड्रेला संपते ना, ही नाही संपत. राजपुत्राची आधीची एक बायको असते, ती माळ चोरवते. ती माळ दुसऱ्या कुणाच्या गळ्यात असते तोवर सोदेवाबाई मेलेली, रात्री माळ काढून ठेवली की ही जिवंत होते. दिवसा मेलेली आणि रात्री जिवंत! बाकी काहीच घेतलं नाहीस, नुसती ही एक अट घेतलीस तरी दहा गोष्टी होतील. दिवसभर दुसऱ्याच्या घरात राबताना जिचा जीव तिच्या स्वतःजवळ नसतो अशी बाई तुझ्या गल्लीत पण असेल.

आणि अगदी चिऊ-काऊ घे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, मोठा पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. "चिऊताई चिऊताई दार उघड." "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." आपण हे हसत हसत सांगतो, पण मोठं होऊन ऐक ना जरा. बाहेर एक जण भिजतोय आणि आतली बाई दार उघडत नाहीये, एक कारण झालं की दुसरं काढतेय. २६ जुलै २००५ ची रात्र घे, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ती, आपल्याकडेही गाड्या बंद, लाइट नाही, तळमजले पाण्यात. दुसऱ्या मजल्यावरची बाई, घरात तान्हं बाळ, नवरा मुंबईत अडकलेला, आणि खालच्या मजल्यावरचा माणूस, ज्याच्याशी वर्षभर भांडण, दार ठोठावतोय. ती भीतीने थांबलीय की जुन्या रागाने, हे तिलाही कळत नाहीये. बाळाला तीट लावून होते, मग काजळ, मग अंगडं. सगळी गोष्ट पहिली थाप आणि कडी निघणं यांच्यामधल्या वेळात लिहून होईल, आणि कडी निघते की नाही हे तू ठरव.

भोपळ्यातली म्हातारी तर मला सगळ्यात जवळची. "लेकीकडे जाऊ दे, तूप-रोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग मला खा" असं ती वाघाला सांगते. म्हणजे मरण नाकारत नाही, मुदत मागून घेते लेकीकडे राहायला. परत सिंड्रेलाचीच मुदत झाली की नाही? फक्त इथे म्हातारी स्वतः मागून घेते. लेकीच्या घरी ते दिवस कसे गेले हे कुठल्याच गोष्टीत नाही, तिने लेकीला वाघाचं सांगितलं का, लेकीला तो भोपळा कधी सुचला, आईला आत बसवून ढकलताना तिचे हात कसे होते. हे कोणीतरी लिहायलाच हवंय.

शेवटाचं विचारलंस. गोड करावा लागत नाही, कडूही करावा लागत नाही, अटीची किंमत भरून झाली की शेवट आला. अँडरसनची जलपरी १८३७ ची, स्वतःचा आवाज देऊन पाय घेते आणि प्रत्येक पाऊल सुरीवर टाकल्यासारखं दुखतं. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. बहिणी स्वतःचे केस देऊन सुरी आणतात, त्याला मार आणि परत ये म्हणतात, ती सुरी समुद्रात फेकून देते. त्या क्षणी गोष्ट पूर्ण होते, पुढे तिचा फेस होतो आणि ती हवेची लेक होते वगैरे अँडरसनने जोडलंय ते मला तितकं लागत नाही.

भाषा आगरीच ठेव. निदान बोलणं तरी आगरीत आणि सांगणं तुला जसं येईल तसं, पुण्याच्या वाचकाला कळेल का याची काळजी आत्ता करू नकोस, एखादा शब्द अडला तर तो पुढच्या वाक्यावरून समजून घेईल. परीकथा तोंडाने सांगायची गोष्ट आहे, म्हणून सांगणाऱ्याच्या तोंडातली भाषाच तिला बसते. "आटपाट नगर होतं" ही काही सगळ्यांची सुरुवात नाही, तुझी आजी कशी सुरू करायची तसंच पहिलं वाक्य लिही. आजी आहे अजून असं लिहिलंयस, तर या रविवारी तिच्याजवळ बस, मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव, मध्ये काही विचारू नकोस, तिला विसरायला झालं तरी आठवून देऊ नकोस, जिथे ती अडखळेल ती जागा लिहून ठेव. आणि पहिली दोन पानं झाली की मला पाठव, मी वाट बघतेय.